पंचविशीनंतर दिव्यांग मुलाला आईबापाच्या पॉलिसीत ठेवावं का?

धरमपेठकर: मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. पुढच्या वर्षी 25 पूर्ण होतील आणि आमच्या फॅमिली फ्लोटरमधून (सगळ्या घराची मिळून एकच आरोग्य विमा पॉलिसी) त्याचं नाव निघेल. त्याच्या नावानं वेगळी पॉलिसी काढायला गेलो, तर एका कंपनीनं 'जन्मजात' एवढा शब्द वाचूनच फॉर्म परत केला. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याचा मुलगा कायमचा दिव्यांग असेल तर सीजीएचएसमध्ये, म्हणजे त्यांच्या सरकारी आरोग्य योजनेत, त्याला वयाची अट नाही. मग आयुष्यभर खासगी नोकरी करून हप्ते भरणाऱ्यानं काय घोडं मारलंय? यूडीआयडी कार्डावर (सरकारचं दिव्यांग ओळखपत्र) 40 टक्क्यांच्या वर अपंगत्व असेल तर मूल आईबापाच्याच पॉलिसीत कायम राहावं, असा नियम विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या आयआरडीएआयनं करावा.

सदरचा पॉलिसीवाला: साहेब, या नियमानं तुमचंच नुकसान आहे. फ्लोटरची रक्कम सगळ्या घराची. उद्या तुमची बायपास झाली की पोरासाठी काय उरणार? शिवाय हप्ता घरातल्या सर्वांत मोठ्याच्या वयावर ठरतो. 25 झाल्यावर त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत त्याला नेता येतं आणि फ्लोटरमध्ये काढलेली वर्षं प्रतीक्षा काळात (आधीपासूनच्या आजाराचा खर्च मिळण्याआधी थांबावं लागतं तो काळ) धरली जातात. एजंट हे सांगत नाहीत, कारण नवीन पॉलिसीवर कमिशन जास्त. 2023 मध्ये आयआरडीएआयनं कंपन्यांना दिव्यांगांसाठी पॉलिसी काढायलाही लावली आहे.

मानेवाड्याची आई: काय सांगून राहिले भाऊ! कागदावर पॉलिसी आहे, काउंटरवर विचारलं की कोणाला माहीतच नसते. आणि आमचा खर्च ॲडमिट होण्याचा नाहीच. मुलीला ऑटिझम आहे, वर फिट्स येतात. गोळ्या, स्पीच, ऑक्युपेशनल थेरपी, महिन्याच्या महिन्याला. 18 पर्यंत सरकारी बालतपासणीत धरत होते, आता ते दार बंद. महात्मा फुले योजनेत 5 लाख आहेत, पण ते भरती झाल्यावर. थेरपीला हात देते ती फक्त 'निरामय', दिव्यांगांसाठीची सरकारी आरोग्य विमा योजना. वयाची अट नाही, मेडिकल तपासणी नाही, वर्षाला 1 लाखापर्यंत. पण पैसे आधी आपण भरायचे. थेरपीच्या पावतीवर नोंदणी क्रमांक नव्हता म्हणून माझी फाईल परत आली होती. थेरपिस्टबाई तोवर पुण्याला निघून गेल्या होत्या!

मिहानवाला: माझा आक्षेप दुसराच आहे. मला मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे, वय 27, नोकरी करतो. 'निरामय' ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता या चौघांनाच, मी त्यात बसत नाही. ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीत काही न विचारता घेतलं, पण नोकरी गेली की तीही गेली. काकांचा नियम झाला तर कंपन्या मला सांगतील, 'बाबांच्या पॉलिसीत राहा ना.' मी काय जन्मभर अवलंबित म्हणून फॉर्म भरायचा? माझ्या नावानं पॉलिसी द्या, नाकारायची असेल तर लेखी कारण द्या.

धरमपेठकर: बेटा, तुझं पटतं. पण माझा मुलगा सही करू शकत नाही. त्याच्या 18 नंतर मीसुद्धा कायद्यानं आपोआप पालक उरलो नाही. कलेक्टरांच्या समितीकडून पालकत्वाचा कागद आणला, तेव्हा बँकेनं दारात उभं केलं. त्याच्या नावाची पॉलिसी माझ्यानंतर चालवणार कोण?

मिहानवाला: मग सोय सही न करू शकणाऱ्यांसाठी मागा. सगळ्या 40 टक्केवाल्यांना एकाच पोत्यात नका भरू. आणि 2016 च्या दिव्यांग कायद्यातलं कलम 24 सर्वसमावेशक विमा योजनेबद्दल बोलतं. ते काम सरकारचं, ते सोडून आपण आयआरडीएआयच्या मागे का लागलोय?

सदरचा पॉलिसीवाला: बरोबर! खासगी कंपनी धर्मादाय नाही.

मानेवाड्याची आई: धर्मादाय कोणी मागितला? एक सांगा, तुमच्या त्या वैयक्तिक पॉलिसीत थेरपी बसते का?

सदरचा पॉलिसीवाला: शक्यतो नाही ताई. 24 तास ॲडमिट असलं तर.

मानेवाड्याची आई: मग पॉलिसी घ्या किंवा नका घेऊ, 'निरामय' कोणी सोडू नका. तिचं वर्ष 31 मार्चला संपतं.