चांदीचं फर्निचर: कला की खानदानाचा टेंभा?

उंटावरचा शहाणा:
ऑस्ट्रियातल्या फोर्खटनस्टाइन किल्ल्यात एस्टरहाझी या हंगेरियन सरदार घराण्याचा खजिना आहे. त्यात जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहरातल्या कारागिरांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस घडवलेलं चांदीचं फर्निचर आहे. फोटो बघून लोक ‘काय कारागिरी!’ म्हणून मोकळे होतात. मला त्यात निव्वळ टेंभा दिसतो.

पॉल एस्टरहाझी (१६३५–१७१३) हंगेरीचा पॅलाटिन, म्हणजे राजाखालोखाल पहिला मानकरी. १६८७ मध्ये प्रिन्स झाला. पण हे वैभव जुनं नव्हतं. वडील मिक्लोश साध्या सरदार घरातले; श्रीमंत विधवेशी लग्न केलं, तिथून बरकत आली. किल्ला १६२२ मध्ये मिळाला. मग १७०० मध्ये पॉलनं वंशावळीचा जाडजूड ग्रंथ छापून घराण्याचं मूळ थेट हूण राजा अ‍ॅटिलाशी नेऊन भिडवलं! किल्ल्यात पूर्वजांच्या तसबिरींत ड्रॅक्युला म्हणून गाजलेला व्लादसुद्धा उभा आहे. ही चांदी त्याच भाटगिरीचा भाग.

कातरवेळ:
साफ असहमत. वंशावळ खोटी म्हणून छिन्नीचं काम खोटं ठरतं का?

लाकडी सांगाड्यावर चांदीचा पत्रा चढवायचा, हे ऐकायला सोपं. पण तो पत्रा आधी राळेवर बसवून पाठीमागून ठोकतात, फुगवटा आला की उलटा करून पुढून पाकळीची कड, पानाची शीर काढतात. ठोकून ठोकून चांदी कडक होते, म्हणून मध्येच तापवून नरम करायची. एक घाव जास्त पडला की पत्रा फाटला. आणि कस तपासल्याशिवाय आउग्सबुर्गचा छाप, म्हणजे पाइनचं बोंड, मालावर उमटत नसे. गिऱ्हाईक बढाईखोर होतं, मान्य. कारागिराला त्याची शिक्षा कशाला?

शिवाय टेंभाच मिरवायचा तर खजिना दडवला कशाला? दार उघडायला दोन किल्ल्या लागत, एक प्रिन्सकडे, दुसरी खजिनदाराकडे.

उंटावरचा शहाणा:
अहो, म्हणूनच तर! ज्याला आत नेलं तो धन्य, ज्याला नाही नेलं तो आयुष्यभर आत काय असेल याच्या कल्पना करत बसणार. रस्त्यावर मांडली असती तर चार दिवसांत कुणी ढुंकून पाहिलं नसतं.

हिशेबनीस:
तुम्ही दोघे भांडा, मी खतावणी बघतो. फ्रान्सच्या चौदाव्या लुईनं १६८९ मध्ये लढाईच्या खर्चासाठी आपल्या व्हर्साय राजवाड्यातलं चांदीचं फर्निचर वितळवून नाणी पाडली. असलं फर्निचर म्हणजे अडीअडचणीची पुंजीच, फक्त चार पायांवर उभी केलेली. पॉल १६८३ मध्ये व्हिएन्नाच्या सुटकेसाठी तुर्कांविरुद्ध लढला होता, युद्धाचा खर्च त्याला पुरता ठाऊक. मजुरी मात्र वितळवल्यावर बुडते. त्यामुळे नक्षी जितकी बारीक तितकी मालकाची ऐपत मोठी: ‘एवढी मजुरी बुडाली तरी मला फरक पडत नाही.’

कातरवेळ:
हा मुद्दा आवडला. पण मग जे वितळलं नाही ते जास्तच जपायला हवं ना? व्हर्सायचं गेलं, फोर्खटनस्टाइनचं राहिलं.

बांधावरून:
मजुरी म्हणजे फक्त सोनाराची का? एस्टरहाझींच्या जमिनींवर कुळं वेठीला राबत होती, पैसा तिथून आला. बोंडाचा छाप दिसतो, कुळाचा दिसत नाही.

तरी फेकून द्या म्हणणार नाही. याच खजिन्याचा एक भाग पुढे बुडापेस्टला गेला. दुसऱ्या महायुद्धात तिथल्या एस्टरहाझी वाड्यावर बॉम्ब पडले आणि चेपलेल्या वस्तू ढिगाऱ्यातून उकरून काढाव्या लागल्या. त्या सरळ करायला जे वर्षानुवर्षं बसले ते काही पॉलच्या नावासाठी बसले नसणार. माझं म्हणणं एवढंच, की वस्तूखालच्या पाटीवर प्रिन्सच्या पदव्यांसोबत वेठीचीही एक ओळ असावी.

उंटावरचा शहाणा:
पाटीला माझा पाठिंबा. पण त्यावर अ‍ॅटिलाही टाका, मला ते वाचताना लोकांची तोंडं बघायची आहेत.