प्रतिसाद: आडनाव एक म्हणजे कूळ एक?

जर्मनीत यिल्माझ या तुर्की आडनावाचे लोक एवढे भेटतात म्हणजे ते एकाच कुळातले असणार, हा इथल्या चर्चेतला तर्क पटत नाही. तुर्कस्तानात आडनाव सक्तीचं झालं ते १९३४ च्या कायद्याने. एकमेकांशी काही संबंध नसलेल्या असंख्य घरांनी तेव्हा तेच आडनाव घेतलं. १९६१ च्या कामगार करारानंतर त्यांतली काही जर्मनीत गेली, बस्स.

बल्गेरियातल्या तुर्कांचा मुद्दा मात्र कुणी काढला नाही. त्यांना तो कायदा लागूच नव्हता, त्यामुळे तिथे बापजाद्यांच्या नावाला 'ओव' जोडलेली आडनावं. वेटलिफ्टर नईम सुलेमानोवच घ्या. १९८४-८५ च्या सक्तीच्या नामांतरात सरकारने त्याचा नाउम शालामानोव केला (केवढा हा आगाऊपणा!). १९८६ मध्ये तो तुर्कस्तानात पळाला आणि सुलेमानोग्लू झाला. सोल ऑलिंपिकचं सुवर्ण याच नावावर आहे. आडनावावरून कूळ ठरवायचं तर त्याला कुठे टाकणार?