ऑरगॅनिकचं लेक्चर ऐकताना कळतं, पण कोऱ्या कागदावर मेकॅनिझम सुटत नाही. अभ्यास कसा करावा?

कल्याण_एसवायबीएससी

नमस्कार मंडळी. मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजात एसवायबीएससीला आहे, केमिस्ट्री मेजर. या सेमिस्टरला ऑरगॅनिकमध्ये हॅलाइड्स, कार्बोनिल आणि अॅरोमॅटिक असा भाग आहे. वर्गात केलेलं उदाहरण जसंच्या तसं आलं तर सुटतं. संयुग बदललं की मेकॅनिझममध्ये, म्हणजे रिअॅक्शनचे टप्पे लिहिताना, इलेक्ट्रॉनची हालचाल दाखवणारा बाण कुठून काढायचा तेच सुचत नाही. तीन गोष्टी विचारायच्या आहेत.

एक, लेक्चर चालू असताना लिहायचं काय? सर फळ्यावर भराभर पुढे जातात, उतरवत बसलं की ऐकणं राहतं. दोन, दुय्यम हॅलाइड (हॅलोजनचा कार्बन आणखी दोन कार्बनांना जोडलेला) दिलं की एसएन२ (हॅलोजनच्या जागी दुसरा ग्रुप येणं) होणार की ई२ (हॅलोजन आणि शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन निघून दुहेरी बंध होणं), हे ठरवायचं कसं? तीन, रिअॅक्शन पाठ कराव्यात का, आणि कुठल्या? रोज कल्याणहून ये-जा आहे, त्यामुळे लोकलमध्ये करता येईल असं काही असेल तर तेही सांगा.

अल्फा_कार्बन

फळ्यावरचं सगळं उतरवू नकोस. सुरुवातीचं संयुग, रिएजंट, सॉल्व्हंट, तापमान आणि शेवटचं उत्पादन एवढंच लिही आणि मधल्या टप्प्यांसाठी पाच-सहा ओळी मोकळ्या सोड. सर तोंडी बोलतात पण फळ्यावर लिहीत नाहीत, ते मात्र समासात आलंच पाहिजे: हा टप्पा संथ, इथे पाणी चालणार नाही, हा ग्रुप सहज सुटणारा नाही. ‘कारणे द्या’चे प्रश्न तिथूनच निघतात. मग त्याच संध्याकाळी, पुस्तक न उघडता, मोकळ्या ओळी भर. जिथे अडशील तिथे लाल खूण कर. दुसऱ्या दिवशी सरांना विचारायचं ते तेवढंच, आणि नेमकं विचार. ‘सर, हे कळलं नाही’ यावर सर पुन्हा तेच लेक्चर देतील. ‘इथे प्रोटॉन पाण्याने का काढला, क्लोराइडने का नाही’ असं विचारलंस तर मिनिटभरात उत्तर मिळेल.

आता पाठांतर. रिअॅक्शनच्या आधी पीकेए पाठ कर (आम्ल किती सहज प्रोटॉन सोडतं त्याचा आकडा, जितका कमी तितकं आम्ल तीव्र), तेही डझनभरच. हायड्रोक्लोरिक आम्ल उणे ७, हायड्रोनियम उणे १.७, अॅसेटिक आम्ल ४.८, कार्बोनिक आम्ल ६.४, अमोनियम ९.२, फिनॉल १०, इथाइल अॅसिटोअॅसिटेट ११, पाणी १५.७, इथेनॉल १६, अॅसिटोन २० च्या आसपास, इथाइल अॅसिटेट आणि अॅसिटिलीन २५, अमोनिया ३८. एका अंकाचा फरक म्हणजे समतोलात दहा पटींचा फरक, हे डोक्यात पक्कं असू दे.

याने काय साधतं ते बघ. सोडामाइडने अॅसिटिलीनचा प्रोटॉन निघतो, कारण त्यातून होणाऱ्या अमोनियाचा पीकेए ३८ आहे. सोडियम हायड्रॉक्साइडने निघत नाही, कारण पाण्याचा १५.७ च आहे. प्रॅक्टिकलला बेंझोइक आम्ल बायकार्बोनेटमध्ये बुडबुडे काढत विरघळतं आणि फिनॉल ढिम्म राहतं, त्याचंही कारण याच यादीत आहे: कार्बोनिक आम्लाचा ६.४ हा त्या दोघांच्या मधे पडतो.

क्लेझन कंडेन्सेशन (एस्टरचे दोन रेणू जोडणारी रिअॅक्शन) तर फक्त या आकड्यांवर उलगडतं. इथाइल अॅसिटेटचा पीकेए २५, इथेनॉलचा १६. म्हणजे इथॉक्साइडने अब्जात एखादा रेणू प्रोटॉन गमावून एनोलेट होणार. तरीही रिअॅक्शन पूर्ण का होते? कारण तयार होणाऱ्या इथाइल अॅसिटोअॅसिटेटचा पीकेए ११ आहे. त्याचा दोन कार्बोनिलमधला प्रोटॉन इथॉक्साइड काढून घेतं आणि तो टप्पा जवळजवळ उलटत नाही, त्यामुळे सगळा समतोल पुढे ओढला जातो. यातून तीन गोष्टी आपोआप निघतात. बेस चिमूटभर टाकून भागत नाही, पूर्ण एक इक्विव्हॅलंट लागतो. शेवटी आम्ल टाकल्याशिवाय उत्पादन मोकळं होत नाही. आणि इथाइल आयसोब्युटिरेटवर इथॉक्साइडने क्लेझन होत नाही, कारण तिथे मधल्या कार्बनवर काढायला हायड्रोजनच उरत नाही. इथाइल एस्टरला इथॉक्साइडच का, हा परीक्षकांचा आवडता प्रश्न आहे: मिथॉक्साइड घातलं तर एस्टरची अदलाबदल होऊन मिश्रण मिळतं, हायड्रॉक्साइड घातलं तर साबण करताना तेल तुटतं तसं एस्टर तुटून आम्लाचं मीठ होतं आणि तिथेच सगळं थांबतं.

हे एकदा समजलं की क्लेझन वेगळं पाठ करावं लागत नाही. आल्डॉल, मॅलोनिक एस्टर, मायकेल या सगळ्यांना हीच नजर लाव.

चेअर_फ्लिप

दुय्यम हॅलाइडबद्दल लिहितो. ‘प्राथमिक म्हणजे एसएन२, तृतीयक म्हणजे एसएन१’ हे वाक्य आधी डोक्यातून काढा, त्यात बेसचा उल्लेखच नाही. (एसएन१ आणि ई१ मध्ये हॅलोजन आधी सुटतो, पुढचं मग होतं.)

पहिल्यांदा बघायचं की लीव्हिंग ग्रुप, म्हणजे सुटून जाणारा ग्रुप, कुठल्या कार्बनवर आहे. बेंझीनच्या किंवा दुहेरी बंधाच्या कार्बनवर असेल तर एसएन१ आणि एसएन२ दोन्हींचा विचार सोडा. निओपेंटाइल असेल तर कार्बन प्राथमिक असूनही एसएन२ अतिशय संथ, कारण शेजारच्या कार्बनवरचे तीन मिथाइल मागून येणारी वाट अडवतात. मग रिएजंट बघा. आयोडाइड, अझाइड, थायोलेट, सायनाइड हे चांगले न्यूक्लिओफाइल (कार्बनला इलेक्ट्रॉनची जोडी देणारे) आणि त्या मानाने कमजोर बेस आहेत, दुय्यम कार्बनवर त्यांच्याकडून एसएन२ अपेक्षित धरा. हायड्रॉक्साइड आणि अल्कॉक्साइड जोरदार बेस आहेत, तिथे ई२ वरचढ ठरतं. इथेनॉलमध्ये सोडियम इथॉक्साइड घेऊन ५५ अंशांना ब्रोमोइथेनपासून सुमारे ९० टक्के ईथर मिळतो. त्याच परिस्थितीत २-ब्रोमोप्रोपेनपासून सुमारे ८० टक्के प्रोपीन मिळतं. एक मिथाइल वाढला आणि पारडं फिरलं.

म्हणून टर्ट-ब्युटाइल मिथाइल ईथर करायचा तर पोटॅशियम टर्ट-ब्युटॉक्साइड आणि मिथाइल आयोडाइड घ्यायचं. उलट जोडी, म्हणजे टर्ट-ब्युटाइल ब्रोमाइड आणि मिथॉक्साइड, घेतली तर आयसोब्युटिलीन मिळेल. तृतीयक हॅलाइड नुसत्या पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये असेल तर एसएन१ आणि ई१ यांचं मिश्रण, आणि तापवलं की एलिमिनेशनचा वाटा वाढतो.

सॉल्व्हंटकडे दुर्लक्ष करू नका. डीएमएफ, डीएमएसओ, अॅसिटोन यांत ऋण आयनाभोवती हायड्रोजन बंधांचं वेटोळं नसतं, म्हणून एसएन२ झपाट्याने होते. प्रश्नात सॉल्व्हंट दिला असेल तर तो बहुतेकदा उत्तराकडे नेण्यासाठीच दिलेला असतो.

आता ई२ मधली जी गोष्ट वर्गात घाईत उरकली जाते ती. निघणारा हायड्रोजन आणि निघणारा हॅलोजन एकमेकांच्या बरोबर विरुद्ध दिशेला, एकाच प्रतलात लागतात. सहा कार्बनच्या कड्याचा स्थिर आकार खुर्चीसारखा, म्हणून त्याला चेअर म्हणतात; त्यात उभे बंध अॅक्सिअल, बाजूला पसरलेले इक्वेटोरिअल. अशा कड्यात याचा अर्थ दोघेही अॅक्सिअल. मेंथाइल क्लोराइड आणि निओमेंथाइल क्लोराइड घ्या. दोघांत फरक फक्त क्लोरिनच्या दिशेचा. निओमेंथाइलच्या स्थिर चेअरमध्ये मिथाइल व आयसोप्रोपिल इक्वेटोरिअल आणि क्लोरिन अॅक्सिअल असतो. दोन्ही शेजारी कार्बनांवर अॅक्सिअल हायड्रोजन तयार असतात, म्हणून रिअॅक्शन जलद होते आणि मुख्य उत्पादन झायत्सेव्हच्या नियमाप्रमाणे (दुहेरी बंधाला जास्त ग्रुप जोडलेलं उत्पादन मुख्य) ३-मेंथीन. मेंथाइलच्या स्थिर चेअरमध्ये तिन्ही ग्रुप इक्वेटोरिअल. ई२ व्हायची तर कडं उलटून तिन्ही अॅक्सिअल व्हावे लागतात, ही महागडी अवस्था. तिथे पोचल्यावरही आयसोप्रोपिलच्या कार्बनवरचा हायड्रोजन चुकीच्या बाजूला असतो, त्यामुळे फक्त दुसऱ्या बाजूने, कमी प्रतिस्थापित २-मेंथीन मिळतं. वेग सुमारे २०० पट कमी. झायत्सेव्हचा नियम घोकून इथे उत्तर चुकणार. दोन्ही चेअर काढल्या तर चुकत नाही.

चेअर काढताना कागदावर तीन जोड समांतर रेषा आल्या पाहिजेत, आणि अॅक्सिअल बंध सरळ उभे, आळीपाळीने वर-खाली. इक्वेटोरिअल बंध तिरके, एक कार्बन सोडून असलेल्या कड्याच्या बंधाला समांतर. हे हाताला वळण लागेपर्यंत करा. मॉडेल किट मिळालं तर उत्तम. प्रिन्सेस स्ट्रीटला प्रयोगशाळेच्या सामानाची दुकानं आहेत, मरीन लाइन्सला उतरून चालत जाता येतं. नाही मिळालं तर टूथपिक आणि मळलेली कणीक घ्या, कोन अंदाजे ठेवलेत तरी चालेल.

एक गणित देतो, इथेच उत्तर लिहा: ट्रान्स-१-ब्रोमो-२-मिथाइलसायक्लोहेक्झेन, इथेनॉलमध्ये सोडियम इथॉक्साइड, तापवून. मुख्य उत्पादन काय आणि का?

परळ_प्रॅक्टिकल

वरचं सगळं पटतं, पण पेपर तपासताना गुण कापले जातात ते बाणांवर, त्याबद्दल कुणी बोललं नाही.

बाणाची शेपूट नेहमी इलेक्ट्रॉन असतील तिथे, म्हणजे लोन पेअरवर (बंधात नसलेल्या इलेक्ट्रॉनच्या जोडीवर) किंवा बंधाच्या मध्यावर. टोक इलेक्ट्रॉन जातील तिथे. प्रोटॉनपासून ऑक्सिजनकडे काढलेला बाण हा सगळ्यात जास्त दिसणारा दोष आहे: प्रोटॉनकडे द्यायला काही नाही, बाण ऑक्सिजनकडूनच निघतो. दुसरा दोष, कार्बनवर पाच बंध. न्यूक्लिओफाइल कार्बोनिल कार्बनवर आला की त्याच क्षणी पाय (π) बंध ऑक्सिजनवर गेला पाहिजे, दोन्ही बाण एकाच चित्रात. प्रत्येक टप्प्यानंतर दोन्ही बाजूंचा एकूण विद्युतभार मोजायची सवय लावा. तो जुळला नाही तर काहीतरी राहून गेलंय.

तिसरा दोष माध्यमाचा. आम्लयुक्त रिअॅक्शनमध्ये हायड्रॉक्साइड किंवा अल्कॉक्साइड दाखवू नका. बेसयुक्त रिअॅक्शनमध्ये प्रोटॉन लागलेलं अल्कोहोल दाखवू नका. फिशर एस्टरिफिकेशन या कसोटीवर लिहून बघा: कार्बोनिल ऑक्सिजनला प्रोटॉन, अल्कोहोलचा हल्ला, एका ऑक्सिजनवरून दुसऱ्यावर प्रोटॉनची बदली, पाणी बाहेर, शेवटचा प्रोटॉन बाहेर. एकही टप्पा ऋणभारित नाही. तुटतो तो आम्लाचा कार्बन-ऑक्सिजन बंध. रॉबर्ट्स आणि युरी यांनी १९३८ मध्ये बेंझोइक आम्लावर जड ऑक्सिजन असलेलं मिथेनॉल वापरून हे दाखवलं. जड ऑक्सिजन एस्टरमध्ये सापडला, पाण्यात नाही. ‘मेकॅनिझमला पुरावा द्या’ असं विचारलं तर हे लिहा.

अॅरोमॅटिकमध्येही आधी माध्यम बघायचं. अॅनिलीनचं थेट नायट्रेशन केलं की पॅरा (समोरच्या जागेवर) सुमारे ५१ टक्के, मेटा (एक जागा सोडून) ४७ आणि ऑर्थो (शेजारी) जेमतेम २ मिळतं. अमिनो ग्रुप ऑर्थो-पॅराकडे नेतो हे खरं, पण इतक्या तीव्र आम्लात बहुतेक अॅनिलीन अॅनिलिनियम झालेलं असतं आणि ते मेटाकडे नेतं. म्हणून आधी अॅसेटिक अॅनहायड्राइडने अॅसिटॅनिलाइड करायचं, मग नायट्रेशन, मग जलविघटन. फ्रीडेल-क्राफ्ट्सला अॅनिलीन चालत नाही कारण नायट्रोजन अॅल्युमिनियम क्लोराइडला धरून बसतो. नायट्रोबेंझीन चालत नाही कारण त्या कड्यात द्यायला इलेक्ट्रॉनच उरलेले नसतात. दोन्हींची कारणं वेगळी आहेत, उत्तरात ती वेगळी लिहा.

माटुंगा_रोड

लोकलबद्दल. उभ्याने मेकॅनिझम लिहिता येत नाही, तो प्रयत्नच सोड. गाडीत फक्त रिएजंट. छोट्या कार्डावर पुढे संयुग आणि रिएजंट, मागे उत्पादन. कार्डं दोन्ही बाजूंनी वापर: उत्पादन बघून ‘हे कशापासून येईल’ हे सांगता आलं पाहिजे, रूपांतराच्या प्रश्नांत तेच लागतं.

कार्डं करताना एकमेकांत गोंधळ होणारे रिएजंट शेजारी ठेव. सोडियम बोरोहायड्राइड आल्डिहाइड-कीटोनचं रिडक्शन करतं, एस्टरला सहसा हात लावत नाही. लिथियम अॅल्युमिनियम हायड्राइड एस्टरला अल्कोहोलपर्यंत आणि अमाइडला अमाइनपर्यंत नेतं. डायबाल (अॅल्युमिनियमचंच आणखी एक हायड्राइड) एक इक्विव्हॅलंट, उणे ७८ अंशांना, एस्टरला आल्डिहाइडवर थांबवतं. तापमान चढू दिलं की पुढे जातं. पीसीसीने (क्रोमियमचा सौम्य ऑक्सिडायझिंग रिएजंट) प्राथमिक अल्कोहोल आल्डिहाइडवर थांबतं, क्रोमिक आम्लाने कार्बोक्झिलिक आम्ल होतं, कारण पाण्यात आल्डिहाइडचं हायड्रेट बनतं आणि त्याचंच पुन्हा ऑक्सिडेशन होतं. ग्रिन्यार एस्टरवर दोनदा चढतो, कीटोनवर थांबत नाही, कारण मधे तयार होणारं कीटोन एस्टरपेक्षा जास्त क्रियाशील असतं.

सरांचा वेग झेपत नसेल तर एनपीटीईएलवर (आयआयटींच्या ऑनलाइन लेक्चर्सचा उपक्रम) ऑरगॅनिकची लेक्चर्स फुकट आहेत. पण ती लेक्चरच्या आदल्या दिवशी बघ, नंतर नाही. विषय एकदा कानावरून गेला असेल तर वर्गात उतरवण्यापेक्षा ऐकणं जमतं.

कल्याण_एसवायबीएससी

सगळ्यांचे मनापासून आभार. चेअर_फ्लिप सर, तुमच्या गणिताचं उत्तर: ३-मिथाइलसायक्लोहेक्झीन. ट्रान्स-१,२ मध्ये स्थिर चेअरला दोन्ही ग्रुप इक्वेटोरिअल, ई२ साठी उलटून दोन्ही अॅक्सिअल. मिथाइलच्या कार्बनवरचा हायड्रोजन तेव्हा इक्वेटोरिअल राहतो, म्हणून दुसऱ्या शेजाऱ्याचा, सहाव्या कार्बनवरचा अॅक्सिअल हायड्रोजन निघतो. बाण तीन: इथॉक्साइडच्या ऑक्सिजनपासून हायड्रोजनकडे, कार्बन-हायड्रोजन बंधापासून दोन कार्बनांच्या मधे, कार्बन-ब्रोमिन बंधापासून ब्रोमिनवर. सिस असतं तर १-मिथाइलसायक्लोहेक्झीन येईल का?

चेअर_फ्लिप

बरोबर, आणि बाणही बरोबर. सिसमध्ये मुख्य उत्पादन १-मिथाइलसायक्लोहेक्झीन, सोबत थोडं ३-मिथाइल. शिवाय सिस जास्त वेगाने जाईल, त्याचं कारणही लिहा: मिथाइलला अॅक्सिअल ठेवण्याची किंमत सुमारे १.७ किलोकॅलरी प्रति मोल आहे, ब्रोमिनची अर्ध्या किलोकॅलरीच्या आसपास. म्हणून सिसमध्ये मिथाइल इक्वेटोरिअल आणि ब्रोमिन अॅक्सिअल हीच चेअर जास्त प्रमाणात असते, आणि ई२ ला नेमकी तीच हवी असते. पुढचं गणित याच कड्यावर टर्ट-ब्युटाइल लावून करा: सिस आणि ट्रान्स-१-ब्रोमो-४-टर्ट-ब्युटाइलसायक्लोहेक्झेन, दोघांपैकी कोण आधी संपेल?