सी-३०४ ची किल्ली किती जणांकडे आहे?

*वैद्य (सी-३०३):* काल दुपारी जे झालं ते सगळ्यांना कळायला हवं म्हणून इथेच लिहिते. ३०४ मधली मुलगी एकटी घरात, तिची ऑफिसची मीटिंग चालू, आणि बाहेरून लॅचमध्ये किल्ली फिरली. दार उघडून एक मुलगा सरळ आत! मागच्या भाडेकरूंचा मित्र. म्हणे, माझा मिक्सर राहिला होता. मुलगी धावत आमच्याकडे आली, पाण्याचा ग्लास धरवत नव्हता तिला. मागचे तिघं दिवाळीआधीच गेले ना? मग याच्याकडे किल्ली कशी?

*साठे (सी-३०४, मालक):* ताई, झालं ते वाईटच. पण मी तिन्ही किल्ल्या मोजून घेतल्या, मगच डिपॉझिट परत दिलं.

*वैद्य:* तुम्ही दिलेल्या मोजल्यात. त्यांनी करून घेतलेल्या कशा मोजणार?

*कुलकर्णी काका (ए-१०२):* भाडेकरूंची पोलीस नोंद झाली आहे का? कमिटीने यादी टाकावी.

*बापट (बी-५०१):* मिक्सर मिळाला का पण त्याला? 😄

*वैद्य:* बापट, तुमची लेक हिंजवडीला पीजीमध्ये राहते ना? तिच्या खोलीत असं कोणी शिरलं तर हसाल?

*बापट:* चुकलं ताई. मेसेज डिलीट करतो.

*जाधव (ए-६०३):* बॅचलर लोकांना फ्लॅट देऊ नका हे मी दर एजीएमला सांगतो. कोणी ऐकतं का?

*शेख (बी-२०४):* जाधवसाहेब, काल जी घाबरली तीसुद्धा बॅचलरच आहे. तिचा काय दोष?

*जाधव:* दोष नाही म्हणालो. मालक भाडं घेऊन मोकळे, निस्तरायचं आम्ही.

*साठे:* फुकट नाही राहत कोणी. स्वतः न राहता भाड्याने दिल्याचे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस सोसायटीला दर तिमाहीला भरतो.

*खजिनदार (ए-३०१):* ते सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्के, साठे. त्याहून जास्त घेता येत नाही, नाहीतर घेतले असते.

*साठे:* हे बोलणं बरोबर नाही.

*सेक्रेटरी (बी-४०२):* कृपया विषयाला धरून बोला 🙏 फ्लॅटच्या दाराचं कुलूप हा मालक आणि भाडेकरू यांच्यातला प्रश्न आहे. कमिटीला त्यात अधिकार नाही.

*कुलकर्णी काका:* भाडेकरूंची पोलीस नोंद झाली आहे का? कमिटीने यादी टाकावी.

*वैद्य:* काका, नोंद झालेलीच आहे, मागच्यांचीही होती. त्याने किल्ली थांबली का?

*शेख:* मी हार्डवेअरच्या धंद्यातला, म्हणून बोलतो. साधी किल्ली चौकातला चावीवाला दहा मिनिटांत काढून देतो, ओळख विचारत नाही. दातांऐवजी खळगे असलेल्या कॉम्प्युटर कीला मशीन लागतं, एवढाच फरक. किल्लीवर ‘डुप्लिकेट करू नये’ कोरलं तरी कोणी अडत नाही. नीट काढलेल्या फोटोवरूनही दात कापता येतात. मागे आपल्या एजंटने स्टेटसला हातावर किल्ल्या ठेवलेला फोटो टाकला होता, आठवतोय?

*देशमुख काकू (बी-१०४):* अगोबाई! तो तर आमच्याच फ्लॅटचा होता.

*शेख:* म्हणून किल्ल्या मोजण्यात अर्थ नाही. भाडेकरू बदलला की सिलिंडर बदलायचा. अख्खं कुलूप नाही, फक्त सिलिंडर, म्हणजे ज्यात किल्ली फिरते तो भाग. हल्लीच्या दारांना पट्टीत कडेला एक लांब स्क्रू असतो. तो काढा, किल्ली जराशी तिरकी ठेवा, सिलिंडर हातात येतो. दाराच्या जाडीप्रमाणे माप बघून नवा घाला. बोहरी आळीत बऱ्यापैकी माल हजार-बाराशेत मिळतो. जुन्या नाइट लॅचचाही निघतो, आतून दोन स्क्रू असतात. नव्याच्या किल्ल्या सीलबंद पाकिटात येतात. ते पाकीट भाडेकरूसमोर फोडायचं.

*साठे:* आणि दर अकरा महिन्यांनी हा खर्च कोणी करायचा?

*वैद्य:* तुम्ही! महिन्याला २८ हजार भाडं घेता, साठे. हजार रुपयांसाठी त्या मुलीने रात्री दाराला खुर्ची लावून झोपायचं का? काल तेच केलंय तिने.

*साठे:* मला हे माहीत नव्हतं. तिने फोनवर सांगितलं नाही.

*ॲड. गोखले (ए-४०४):* लीव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असणं ही १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मालकाची जबाबदारी आहे. करार करतोच आहोत, तर दोन ओळी वाढवा. किती किल्ल्या कोणाकडे, आणि न कळवता मालकाने आत जायचं नाही. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्यात मालकाने आत यायच्या २४ तास आधी नोटीस सांगितली आहे. आपल्याकडे तो लागू नाही, पण करारात घालायला कोणी अडवत नाही.

*साठे:* मालकाकडे एक किल्ली नको? नळ फुटला तर?

*ॲड. गोखले:* असू द्या की. भाडेकरूच्या सहीने, बंद पाकिटात.

*जाधव:* मालक अमेरिकेत न्यू जर्सीत, किल्ली एजंटकडे, असे आपल्याकडे चार फ्लॅट आहेत. एजंट गिऱ्हाइकं घेऊन कधीही येतो.

*वैद्य:* आणि सेक्रेटरीसाहेब, अधिकार नाही म्हणता, पण वॉचमनच्या केबिनमध्ये खिळ्यांवर किल्ल्या लटकतात त्या कोणाच्या? प्रत्येकीला फ्लॅट नंबरची चिठ्ठी! कुरिअरवाला खिडकीतून वाचू शकतो.

*सेक्रेटरी:* त्या मेंबर्सनीच सोयीसाठी ठेवल्यात. पेंटर, कामवाल्या, गॅसवाला. कमिटीने मागितल्या नाहीत.

*वैद्य:* नको तर म्हटलं नाही ना?

*कुलकर्णी काका:* पोलीस नोंद

*बापट:* काका, ती यादी उद्या मी घरी आणून दाखवतो. खरंच.

*साठे:* शेखभाई, उद्या सकाळी माणूस पाठवाल का? ३०४ चा सिलिंडर बदलून टाकू. पैसे माझे. वैद्यताई, तिला सांगा, पाकीट तिनेच फोडायचं.

*शेख:* दहा वाजता येतो. आज दाराची जाडी मोजून टाका.

*वैद्य:* आता आत जाऊन मोजते. आभार, साठे.

*सेक्रेटरी:* ठीक आहे. केबिनमधल्या किल्ल्या आज संध्याकाळी सातपर्यंत रजिस्टरमध्ये सही करून घेऊन जाव्यात. यापुढे केबिनमध्ये किल्ली ठेवली जाणार नाही.

*देशमुख काकू:* मग आमच्या कामवालीचं कसं? मी बँकेत असते.

*सेक्रेटरी:* काकू, शेजारी द्या.

*देशमुख काकू:* शेजारी कोण, ते तुम्हाला माहीत आहे.

*खजिनदार:* मी आत्ता केबिनमध्ये आहे. २३ किल्ल्या आहेत. पैकी दोनवर चिठ्ठीच नाही. एक पितळी, लाल दोरा बांधलेली. कोणाची?

*जाधव:* आमची नाही.

*बापट:* आमचीही नाही.

*वैद्य:* कोणालाही देऊ नका. आधी सी विंगच्या दारांना लावून बघू, मी खाली येते.