मदत हवी आहे: साठच्या दशकातल्या सुपरहिरो खेळासाठी कोणती कॉमिक्स वाचायला देऊ?

मंडळी, नमस्कार.

दर रविवारी दुपारी आम्ही पाच जण माझ्या घरी टेबलटॉप रोलप्लेइंग खेळतो. एक जण (सध्या मी) गोष्ट चालवतो, बाकीचे आपापलं पात्र होऊन बोलतात, आणि गोष्ट अडेल तिथे फासे टाकतात. आजवर तलवारी आणि ड्रॅगनच केले. दिवाळीनंतर सहा रविवार सुपरहिरो खेळायचे आहेत. काळ १९६२ ते १९६६, गाव न्यू यॉर्क, नियम टीएसआर या अमेरिकी कंपनीच्या १९८४ सालच्या मार्व्हल सुपर हीरोज खेळाचे.

गेल्या आठवड्यात चाचणी म्हणून एक प्रसंग खेळून पाहिला. खलनायक गच्चीच्या कठड्याला लोंबकळतोय. आमच्यातला एक शांतपणे म्हणाला, "मी त्याची बोटं सोडवतो." या खेळात हिरोने कुणाचा जीव घेतला की त्याचे साठलेले सगळे कर्मा पॉइंट, म्हणजे चांगल्या कामांचे गुण, जातात. मी तसं सांगितल्यावर तो खट्टू झाला. "सिनेमात तर मारतात की!" त्याचं काहीच चुकलं नाही, चौघांनीही फक्त सिनेमेच पाहिलेत. नियम वाचून दाखवला म्हणून तो काळ अंगात भिनत नाही. त्यासाठी ते अंकच हातात घ्यायला हवेत.

माझी सुरुवात काकांच्या माळ्यावरच्या इंद्रजाल कॉमिक्सच्या मराठी अंकांनी झाली. वेताळाचा (इंग्रजीतला फँटम) ठोसा बसला की गुंडाच्या जबड्यावर कवटीची खूण उठायची आणि तो ती खूण घेऊन जगायचा. मला खेळात हवंय ते हेच.

आतापर्यंत मी काय वाचलं ते सांगतो, म्हणजे तेच परत सुचवायला नको.

'शोकेस'चा चौथा अंक, १९५६. विजेच्या वेगाने धावणारा सुपरहिरो फ्लॅश नव्या रूपात, बॅरी ॲलन म्हणून, इथे पहिल्यांदा आला. बॅरी ॲलनवर रसायनं सांडतात, वीज पडते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मला आवडला तो त्यानंतरचा उपाहारगृहातला प्रसंग. वेट्रेसच्या हातातून ट्रे निसटतो, पदार्थ हवेत तरंगताना दिसतात आणि बॅरी ते एकेक करून परत ताटलीत ठेवतो. शक्तीची ओळख मारामारीतून होत नाही, सांडणाऱ्या जेवणातून होते! प्रत्येक पात्राचा पहिला प्रसंग मी असाच घेणार आहे.

'फ्लॅश'चा १२३वा, १९६१. मुखपृष्ठावर मधोमध विटांची भिंत, एका माणसावर गर्डर कोसळतोय आणि भिंतीच्या दोन बाजूंनी जुना आणि नवा असे दोन वेगळे फ्लॅश त्याला वाचवायला धावताहेत. संपादक ज्युलियस श्वार्ट्झ अनेकदा आधी मुखपृष्ठ ठरवायचे आणि मग लेखकाला त्याभोवती गोष्ट रचायला लावायचे. ही युक्ती मी सरळ उचलतोय. दर रविवारी सुरुवातीला टेबलावर एक काढलेलं मुखपृष्ठ ठेवायचं, आणि खेळणाऱ्यांनी तिथपर्यंत पोचायचं.

आणि 'अमेझिंग स्पायडर-मॅन' ३१ ते ३३, स्टीव्ह डिटकोची चित्रं. तेहतिसाव्यात तो अवजड यंत्राखाली अडकलाय, छतातून पाणी गळतंय, मे काकूंचं औषध समोर जमिनीवर पडलंय आणि हात पोचत नाही. यंत्र उचललं जातं ती चौकट अख्ख्या पानाची आहे. मी ते पान कितीदा पाहिलं असेल! आमच्या खेळात कर्मा पॉइंट खर्चून फाशांचा आकडा वाढवता येतो. ते साठवायचे कशासाठी, हे त्या पानाइतकं नीट मला सांगता येणार नाही.

आता अडलंय ते इथे.

एक, एकाच अंकात पुरी होणारी आणि डोकं लढवून सुटणारी कथा हवी. कॅप्टन कोल्ड, मिरर मास्टर हे फ्लॅशचे एकाच करामतीचे खलनायक मला फार उपयोगाचे वाटतात, पण त्यांच्या कोणत्या कथा सर्वांत नेटक्या?

दोन, आणि याची मला जास्त काळजी आहे. आमच्यात दोघी जणी आहेत. त्या काळातल्या बहुतेक कथांत बाईच्या वाट्याला फार थोडं येतं. 'फँटास्टिक फोर'मधली सू स्टॉर्म सुरुवातीला नुसती अदृश्य व्हायची, बळकवच (फोर्स फील्ड) उभारायची ताकद तिला २२व्या अंकात, १९६४ साली मिळाली. कथेचा गुंता एखादी नायिका स्वतः सोडवते असे त्याच वर्षांतले अंक कुणाला आठवतात का? नंतरच्या दशकातले नकोत, बाज बदलतो.

तीन, चौकटीवरचं ते निवेदन, "इकडे त्याच क्षणी, शहराच्या दुसऱ्या टोकाला..." हे मराठीत बोलताना जोश कसा टिकवायचा? मी मोठ्याने वाचून पाहिलं तर आकाशवाणीच्या बातम्यांसारखं वाटलं. कुणी मराठीत असे खेळ चालवले असतील तर एक-दोन वाक्यं नमुन्याला द्या.

प्रत्येकाला एकच अंक द्यायचा आहे. चौघंही नोकरी करतात, त्याहून जास्त वाचणार नाहीत. स्पायडर-मॅनचा तेहतिसावा बोटं सोडवणाऱ्या त्या मित्रासाठी ठेवलाय. उरलेले तीन अंक सुचवा.