कानाचा रिपोर्ट नॉर्मल, तरी लेकराला सांगितलेलं कळत नाही. काय करावं?

परभणीची_माय
सगळ्यांना नमस्कार. पहिल्यांदाच लिहायलेय, चुकलं-माकलं सांभाळून घ्या. आमचं लेकरू ८ वर्षांचं, तिसरीला आहे. सांगावं एक तर ते करतंय दुसरंच. परवा म्हणलं फडकं आण, तर माठापाशी जाऊन उभं राहिलं आणि विचारतंय कोणतं मडकं. "चपला काढ, हातपाय धू आणि आजीला चहाला बोलव" असं म्हणलं की बाकी सगळं विसरून थेट आजीकडं जातंय, चपला पायातच. मार्चपासून कूलर सुरू झाला तर विचारूच नका, दर वाक्याला "काय?" "काय म्हणलीस?" आणि दुपारी लाइट गेली की तेच लेकरू एकदम शहाणं, एका हाकेत येतंय. हे माझ्या लई उशिरा लक्षात आलं.

शुद्धलेखनात दार सांगितलं की धार लिहितो, भातचा बात करतो. मॅडम म्हणतात लक्ष नसतं, सासूबाई म्हणतात लाडावलंय, यांच्या मते टीव्ही बंद करा. कानाच्या डॉक्टरांकडं नेलं, आवाजाची तपासणी केली, दोन्ही कान नॉर्मल. मग संभाजीनगरच्या नणंदेनं सांगितलं की ऑडिटरी प्रोसेसिंग डिसऑर्डर म्हणून काहीतरी असतं, एपीडी, म्हणजे कानाला ऐकू येतं पण मेंदूला ते नीट उलगडत नाही. हे खरंच असतं का? गोळ्या-औषध आहे का? शाळा बदलावी का? रात्री झोप लागंना मला.

कान_आणि_बोली (लातूर)
ताई, मी ऑडिऑलॉजिस्ट आहे, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणारी. लेकराला न बघता एपीडी आहे का नाही हे मी सांगणार नाही, पण कूलरची गोष्ट तुम्ही लिहिली ते फार चांगलं केलं, पुढच्या तपासणीत ती आधी सांगा.

तुम्ही जी तपासणी केली ती शांत खोलीत होते, हेडफोनमधून बारीक पीं पीं आवाज येतो आणि लेकरू बटण दाबतं. त्यातून एवढंच कळतं की आवाज कानापर्यंत पोचतोय. गोंगाटातून शब्द वेगळा काढणं, ब आणि भ यातला फरक पकडणं, तीन सूचना ओळीनं लक्षात ठेवणं, हे काम कानाच्या पुढं मेंदूत होतं आणि ते त्या रिपोर्टात दिसतच नाही. म्हणून "नॉर्मल" लिहिलं म्हणजे अडचण नाही असा अर्थ काढू नका.

पण त्याआधी एक गोष्ट. पोराला वारंवार सर्दी होते का? तोंड उघडं टाकून झोपतो, घोरतो का? पडद्यामागं पाणी साचलं तर ऐकणं कमीजास्त होत राहतं, आज ठीक, पुढच्या आठवड्यात बंद, आणि तपासणी नेमकी चांगल्या दिवशी झाली तर सापडत नाही. टिम्पॅनोमेट्री, म्हणजे कानाच्या पडद्याची तपासणी करून घ्या, दोन मिनिटांचं काम, सुई नाही काही नाही. आणि कृपा करून कानात तेल घालू नका, कोणी कितीही सांगू द्या.

एपीडीची खरी तपासणी साधारण ७ वर्षांनंतरच करतात, त्याआधी लेकरांचे निकाल फार वरखाली होतात. त्यात दोन्ही कानांत एकाच वेळी वेगवेगळे आकडे ऐकवतात, समजा उजवीकडं दोन आणि डावीकडं सात, आणि दोन्ही सांगायला लावतात. लहान लेकरांचा डावा कान यात जरा मागं असतोच, त्यामुळं मार्क वयाच्या मानानं बघायचे असतात. शिवाय गोंगाटात शब्द ओळखणं, आवाजातली बारीकशी फट ओळखणं असंही असतं. शब्द मराठी आहेत का हे आधी विचारा. इंग्रजी शब्दांवर परभणीच्या तिसरीतलं लेकरू नापास झालं तर तो इंग्रजीचा निकाल आहे, कानाचा नाही.

आधी जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसी, म्हणजे मुलांच्या लवकर तपासणी-उपचाराच्या केंद्रात जा, १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे, पैसे लागत नाहीत. तिथं ही तपासणी नसेल तरी पुढं पाठवतील. बांद्र्याची अली यावर जंग संस्था आणि म्हैसूरची ऐश (AIISH) या सरकारी संस्था ऐकण्या-बोलण्याच्याच विषयाच्या आहेत, फोन करून मग निघा. आणि लक्ष न लागणं किंवा भाषाच कच्ची असणं वरवर असंच दिसतं, कधी दोन्ही सोबत असतं, एपीडी वेगळा आजार मानावा का यावर आमच्यातच वाद आहेत. म्हणून एकट्या ऑडिऑलॉजिस्टच्या शिक्क्यावर थांबू नका, स्पीच थेरपिस्ट आणि मुलांच्या मानसतज्ज्ञांनाही दाखवा. गोळी कुठलीच नाही.

जुन्या_वळणाचा
आमच्या काळी असलं काही नव्हतं. दोन रट्टे बसले की पोरगं नीट ऐकायचं.

गुरुजी_औंढ्याकडचे
वरच्या काकांना नमस्कार. आमच्या काळी अशी पोरं चौथीला शाळा सोडून ढोरं राखायला जायची, म्हणून दिसत नव्हती.

ताई, मी झेडपीचा मास्तर, वर्गात ३८ लेकरं, वर पत्रे, पाऊस सुरू झाला की माझाच आवाज मला ऐकू येत नाही. माझ्याकडं दोन वर्षांपूर्वी असंच एक पोरगं होतं, तपासणी वगैरे कोणी केली नव्हती, पण जे केलं त्यानं फरक पडला. त्याला दुसऱ्या बाकावर बसवलं, रस्त्याच्या खिडकीपासून लांब आणि पंख्याखाली नाही. मोकळ्या जागी अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं पडतो म्हणतात, मग मागच्या बाकावर काय पोचत असेल बघा. फळ्याकडं तोंड करून बोलायची सवय मोडली, ही मला सगळ्यात जड गेली. आधी नाव घ्यायचं, त्यानं वर बघितलं की मग सांगायचं, एका वेळी एकच गोष्ट. गृहपाठाचं पान फळ्यावर लिहायचं, तोंडी नाही.

आणि "कळलं का?" विचारायचं बंद केलं. आमची लेकरं सगळ्यालाच "हो गुरुजी" म्हणतात. त्याऐवजी "आता काय करणार सांग बघू" विचारायचं, मग कळतं काय पोचलं ते. बाकांच्या पायांना सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे लावले, सरकवताना होणारा खर्र आवाज गेला. त्याचा फायदा ३८ जणांना झाला.

तुमच्या मॅडमशी भांडायला जाऊ नका. कूलरची गोष्ट सांगा, वही दाखवा, दार-धार दाखवा. शाळा बदलून काय होणार, नव्या शाळेतबी पंखा आहेच.

नांदेडचा_बाप
आमची पोरगी आता सहावीत. तिला एपीडी आणि डिस्लेक्सिया (वाचन-लेखनाची अडचण) दोन्ही निघालं. आमची चूक सांगतो म्हणजे तुम्ही करू नका. सुरुवातीला एका कोर्सला चांगली जाडजूड रक्कम भरली, कॉम्प्युटरवर गेम खेळायचे, मेंदू तयार होईल म्हणाले. पोरगी त्या गेममध्ये एकदम पटाईत झाली, वर्गात जैसे थे.

उपयोग झाला तो रिमोट मायक्रोफोनचा. बाईंच्या गळ्यात माइक, तिच्या कानात छोटा रिसिव्हर, गोंगाट कितीही असो बाईंचा आवाज सरळ कानात. महाग असतो, म्हणून आधी आठवडाभर वापरून बघायला मागा. आणि बाईंना सांगून ठेवा की वर्गाबाहेर गेलं की माइक बंद करायचा, आमच्या पोरीनं स्टाफरूममधलं अख्खं भांडण ऐकून घरी येऊन सांगितलं होतं 😄

सर्टिफिकेटचं विचाराल तर २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत, एपीडी हे नाव त्यात वेगळं नाही. आम्हाला डिस्लेक्सियामुळं लर्निंग डिसॅबिलिटीमध्ये मिळालं, परीक्षेला जादा वेळ मिळतो. तुमच्या मुलाचं वाचन-लेखनही तपासून घ्या.

घरी रात्री झोपताना लाइट घालवून गोष्ट सांगतो आणि मधेच एक शब्द मुद्दाम चुकवतो, "राजा घोड्यावर चढला" ऐवजी "भाजा घोड्यावर चढला". तिनं पकडायचं. हे फुकट आहे आणि तिला आवडतं. त्यानं सुधारतं का माहीत नाही, पण "ऐक नीट" म्हणून रोजची जी कटकट व्हायची ती गेली.

परभणीची_माय
सगळ्यांचे लई आभार, वाचताना रडूच आलं. लातूरच्या मॅडम, हो, तोंड उघडं टाकूनच झोपतो आणि सर्दी तर बारमाही. सोमवारी टिम्पॅनोमेट्रीचा नंबर घेतलाय. पाणी निघालं तर बरंच म्हणावं का वाईट, कळंना.

काल भाजा घोड्यावर चढवून बघितला. तीनदा पकडला, चौथ्यांदा म्हणतो मम्मी तूच नीट बोल. सासूबाई आता कूलर बंद करून हाक मारायल्यात, फक्त आधी नाव घ्यायचं विसरतात.

गुरुजी, ते ट्यूबचे तुकडे चिकटवले का खिळ्यानं ठोकले? मॅडमना सांगायचंय.

गुरुजी_औंढ्याकडचे
चिकटवलेले चार दिवसांत निघाले. बारक्या चुका मारा, प्रत्येक पायाला दोन, बाजूनं. खालून मारू नका, फरशी ओरबाडते.