एकाच गाईडकडे हरितगृह वायू आणि भूजल हे दोन विषय कसे काय?

सिव्हिलवाला_वाघोली

नमस्कार मंडळी. मी पुण्यातच एन्व्हायर्नमेंटल इंजिनिअरिंगला एमटेक करतोय आणि आता डिझर्टेशनसाठी गाईड ठरवायचाय. एका सरांचं काम आवडलंय, शिकवतातही मस्त, पण त्यांच्या संशोधनात दोनच गोष्टी दिसतात, हरितगृह वायूंचं उत्सर्जन आणि भूजल, आणि या दोघांचा एकमेकांशी संबंध काय तेच मला लागत नाहीये. उत्सर्जन म्हटलं की चिमणी नाहीतर गाड्यांचा धूर डोळ्यापुढे येतो, आणि भूजल म्हणजे बोअर, लेव्हल, टीडीएस. आमच्याकडे उन्हाळा लागला की टँकर सुरू होतात त्यामुळे पाण्याचा विषय जिव्हाळ्याचा आहे, पण मित्र म्हणतायत एसटीपी (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प) डिझाइन घे, हे असलं घेऊन अडकशील. कुणी या विषयात काम केलं असेल तर प्लीज सांगा.

पाइपलाइन_पिंपरी

मित्रांचं बरोबर आहे भावा. कन्सल्टन्सीत एसटीपी, ईटीपीवाल्यांना (ईटीपी म्हणजे कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प) लगेच विचारतात. भूजल घ्यायचंच असेल तर रिचार्ज, म्हणजे पावसाचं पाणी जमिनीत मुरवणं, घे, सोसायट्यांची कामं तरी मिळतील. विहिरीतला गॅस मोजून कोण पैसे देणार?

कातळातलं_पाणी

मी हाच विषय शिकवतो आणि संशोधनही यातच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडे खाली बेसॉल्ट आहे. पाणी वरच्या मुरमात आणि कातळाच्या भेगांमध्ये साठतं, आणि तिथं जाईपर्यंत मातीतून मुरताना बरंच काही सोबत घेऊन जातं. त्यातलं महत्त्वाचं म्हणजे नायट्रेट. उसाला टाकलेला युरिया, गोठ्याचं शेण, शोषखड्डे, सेप्टिक टँक, सगळीकडून ते येतं. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नायट्रेट नको असं आपलं मानक सांगतं, आणि बहुतेक रिपोर्ट तिथंच थांबतात, पास किंवा नापास. पण नायट्रेट तसंच पडून राहत नाही. जिथं ऑक्सिजन कमी आणि खायला थोडा सेंद्रिय कार्बन आहे तिथं जिवाणू त्याचं हळूहळू नायट्रोजन वायूत रूपांतर करतात, आणि त्या वाटेवर मधेच नायट्रस ऑक्साइड तयार होतो. शेवटपर्यंत गेली क्रिया तर उत्तम, पाणीही सुधारलं आणि हवेत साधा नायट्रोजन गेला. अर्धवट राहिली तर नायट्रस ऑक्साइड पाण्यात विरघळून राहतो आणि पंपानं वर काढलं किंवा नाल्यात पाझरलं की हवेत जातो. हा वायू शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापवतो. म्हणजे तेच नायट्रेट पाण्याच्या रिपोर्टमध्ये प्रदूषक आणि हवेच्या हिशोबात वायूचा कच्चा माल. नुसतं पाणी बघणारा किंवा नुसती हवा बघणारा, दोघांच्याही हातून हे निसटतं, म्हणून एकाच माणसानं दोन्ही बघायचं.

कचऱ्याचंही तसंच. उरुळी देवाची-फुरसुंगीच्या डेपोचं लिचेट, म्हणजे कचऱ्यातून पाझरणारं घाण पाणी, विहिरींत उतरलं हे पुण्यात सगळ्यांना माहितीये, गावकऱ्यांनी वर्षानुवर्षं आंदोलनं केली. जो ओला कचरा दाबून हवेविना कुजतो त्यातूनच लिचेट खाली जातं आणि मिथेन वर येतो, लँडफिल गॅसमध्ये साधारण निम्मा मिथेन असतो. पण लिचेटची फाइल वेगळ्या टेबलावर आणि मिथेनची वेगळ्या.

आणि कार्बन डायऑक्साइड. मातीत मुळांच्या आणि जिवाणूंच्या श्वसनामुळे तो बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी पट जास्त असतो, पाणी तो घेऊन खाली जातं. बोअरचं पाणी वर आलं की सोड्याची बाटली उघडल्यासारखा तो निसटतो, आणि पाणी जड असेल तर मागे चुना राहतो, गीझरच्या कॉइलवर पांढरा थर धरतो तो हाच. अमेरिकेतल्या २०१७ च्या एका अभ्यासात, तिथं भूजल उपसून संपवल्यामुळे वर्षाला सुमारे १७ लाख टन कार्बन डायऑक्साइड असा बाहेर पडतो असा अंदाज आहे. आपल्याकडे गणित जास्त गुंतागुंतीचं कारण बेसॉल्ट झिजताना उलट हवेतला कार्बन बांधूनही ठेवतो. दख्खनच्या पठारासाठी हे नीट मांडणं मला फार महत्त्वाचं वाटतं आणि ते इथल्याच मुलांनी करावं असंही वाटतं.

नोकरीबद्दल, पाइपलाइन_पिंपरी यांना: उत्सर्जनाचा हिशोब आता मोठ्या कंपन्यांना द्यावा लागतोय, सांडपाणी आणि कचऱ्याचा त्यात समावेश असतो. मोजायला येणारी माणसं लागतातच.

सेक्रेटरी_उंड्री

सरांनी पाण्यातले वायू सांगितले, मी पाणी आणण्याचे सांगतो कारण सोसायटीचं लाइट बिल आणि टँकरचं बिल दोन्ही माझ्याच हातून जातात. हजार लिटर पाणी शंभर मीटर वर उचलायला नुसत्या भौतिकशास्त्रानं ०.२७ युनिट लागतं, पण पंप, पाइप, जुनी मोटर धरून ४० टक्के कार्यक्षमता मानली तर ०.७ युनिटच्या आसपास. आपल्या ग्रिडची वीज बहुतांश कोळशाची, युनिटला साधारण ७०० ग्रॅम धरा. म्हणजे हजार लिटरला अर्धा किलो कार्बन डायऑक्साइड, दहा हजार लिटरच्या टँकरला पाच किलो. आता तोच टँकर १५ किलोमीटरवरून आला आणि परत गेला, लिटरला ४ चं ॲव्हरेज धरलं तर साडेसात लिटर डिझेल, लिटरला २.७ किलो, म्हणजे २० किलो. उपशापेक्षा वाहतूक चौपट! आणि पातळी जितकी खाली जाईल तितका पंपाचा आकडाही वाढत जाणार. वाघोलीत राहतोस ना, मग हे मोजायला लांब जायचं कामच नाही तुला.

सिव्हिलवाला_वाघोली

बापरे, एवढं असेल असं वाटलंच नव्हतं. सर, नायट्रस ऑक्साइडचं डोक्यात बसलंय पण पाण्यात विरघळलेला वायू मोजायचा कसा? बाटली भरून लॅबला नेईपर्यंत उडून जात नाही का?

कातळातलं_पाणी

जातो, म्हणून सगळी मेहनत बाटली भरण्यात आहे. बोअर चालू केल्यावर आधी पाइपात साचलेलं पाणी जाऊ द्यायचं, इसी (पाण्याची विद्युतवाहकता) आणि पीएचचे आकडे स्थिर होईपर्यंत थांबायचं. टाकीत पडणारं पाणी कधीच घ्यायचं नाही, पडता पडताच वायू निसटतो, बोअरच्या तोंडाजवळ नळ काढून घ्यायचा. बारीक नळी काचेच्या बाटलीच्या थेट तळाला टेकवायची, हळू भरायचं, दोन-तीन बाटल्या होतील इतकं पाणी वरून वाहू द्यायचं, नळी सावकाश काढायची आणि रबरी बूच लावून ॲल्युमिनियमची कॅप दाबून टाकायची. मग बाटली उलटी धरून उन्हात बघायची. मोहरीएवढा बुडबुडा दिसला तरी ओतून परत भरायची. जिवाणू थांबवायला औषध घालतात ते विषारी असतं, ते गाईडसमोरच घालायचं. लॅबमध्ये सुईनं थोडं पाणी काढून तिथं शुद्ध नायट्रोजन भरतात, बाटली हलवतात, वायू वरच्या मोकळ्या जागेत येतो आणि तो गॅस क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे वायू वेगळे करून मोजणाऱ्या मशीनवर, जातो. नायट्रस ऑक्साइडला ईसीडी डिटेक्टर, मिथेनला एफआयडी. गाईडना पहिल्यांदा हेच विचार की मशीन कॉलेजात आहे का, नसेल तर कुणाकडे वेळ मिळणार.

मुळामुठा_काठची

माझं एमटेक झालंय, मी नदीकाठच्या विहिरींवर केलं होतं, शहराच्या खालच्या अंगाला. एकच सांगते, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर दोन्ही वेळचे नमुने धर, मेमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये तीच विहीर वेगळीच वागते. पातळीचे जुने आकडे भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडे मिळतात, त्यांच्या निरीक्षण विहिरी ठरलेल्या आहेत, शक्यतो त्यांच्याजवळचीच विहीर निवड म्हणजे तुलना करता येते. आणि शेतकऱ्याला नायट्रेटचा रिपोर्ट मराठीत लिहून दे, ते लोक नळ जोडायला, लाइट असेल तेव्हा मोटर सुरू करायला स्वतः येतात, त्यांना आपल्या पाण्याचं कळायलाच हवं.

सिव्हिलवाला_वाघोली

सगळ्यांचे मनापासून आभार. सोमवारी सरांना भेटतोय, आधी गॅस क्रोमॅटोग्राफचं विचारतो. सेक्रेटरी काका, टँकरचा हिशोब आमच्या सोसायटीच्या बिलांवरून काढून इथेच टाकतो.